अकराव्या रकान्यातलं ‘होय’

सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना ‘नाही’ हा शब्द हाताला इतका सवयीचा होतो की माणूस प्रश्न वाचतच नाही. गुन्हा दाखल आहे का? नाही. नोकरीवरून काढून टाकलं आहे का? नाही. आमच्याकडचा फॉर्म भरून देणारा झेरॉक्सवाला तर आधी सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा होतो आणि मग तुमचं नाव विचारतो. माझा फॉर्म मी स्वतः भरला, म्हणून अकराव्या रकान्यापाशी थांबले. ‘आपण कधी गांजा, चरस वा अन्य अमली पदार्थांचे सेवन केले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’

मी लिहिलं, ‘होय. गांजा. तीनदा. शेवटचं चार वर्षांपूर्वी.’

तेव्हापासून जो भेटतो तो मला अक्कल शिकवतो. म्हणून काय झालं ते एकदाचं सांगूनच टाकते.

माझं काम कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं आहे. चाकणच्या कारखान्यांत आता यंत्रंसुद्धा नेटवर्कवर चालतात. कारखानाच आम्हाला बोलावतो, आम्ही चोरासारखे त्याच्या यंत्रणेत शिरतो आणि कुठल्या फटीतून शिरलो ते लिहून देतो. सापडलं ते लिहायचं, हा या कामातला पहिला नियम. मॅनेजरसाहेबांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला असेल आणि तो त्यांच्या लाडक्या कुत्र्याच्या नावाचा असेल, तर तेही लिहायचं, मग साहेबांचं तोंड कितीही वाकडं होवो. झालेली चूक लपवू नका, चुकीपेक्षा लपवणं महागात पडतं, हे मी बारा वर्षं लोकांना ओरडून ओरडून सांगत आले आहे.

एका सरकारी कार्यालयानं याच कामासाठी जागा काढल्या. पाणी, वीज, दवाखाने यांच्या यंत्रणा सांभाळायच्या होत्या. मला ती नोकरी हवी होती. आता कशाला मानभावीपणा करू, जीव तोडून हवी होती. कारखान्यांसाठी लिहिलेले माझे निम्मे अहवाल कुणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून आहेत, सरकारी कामात ते निदान कुणाच्या तरी उपयोगाला आले असते. शिवाय घरात आबा. माझे वडील तीस वर्षं चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होते, गार्डचे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. एवढी वर्षं कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालूनही लोक त्यांना ‘ए वॉचमन’ म्हणूनच हाक मारायचे. घरातल्या कुणाच्या तरी छातीवर सरकारी ओळखपत्र असावं, ही त्यांची एकच हौस राहिली होती. आणि वयाच्या अटीत बसायचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. पुन्हा जागा निघाल्या तरी मला अर्ज करता आला नसता.

आता त्या तीन वेळांविषयी. वाकडला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फ्लॅट आहे. बाराव्या मजल्यावरची तिची बाल्कनी, रविवारची दुपार आणि आम्ही चार-पाच जण. पहिल्यांदा नुसता ठसका लागला. दुसऱ्यांदा हसू आवरेना. तिसऱ्यांदा मी दोन तास हायवेवरचे ट्रक बघत बसले आणि पातेलंभर आमटी एकटीनं संपवली. पुढे कंटाळा आला आणि ते सुटलं. एवढीच ती कर्मकथा.

वाकडला आता याचं कुणाला काही वाटत नाही. प्रत्येक सोसायटीत परदेशात राहून आलेला एक तरी असतो. तिकडे दुकानात गांजाचीही रीतसर पावती मिळते, हे तो आल्या-गेल्याला ऐकवतो. आमच्या पुनावळे गावात इमारतींचे टॉवर यायच्या आधी मठातली म्हातारी माणसं चिलीम ओढायची आणि बायका येता-जाता त्यांच्या पाया पडायच्या. कायदा तेव्हाही होता आणि आजही आहे. मी काही गांजाची वकिली करायला बसलेले नाही. विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

त्या बाल्कनीवाल्या मैत्रिणीनंही त्याच जागेसाठी अर्ज केला होता. माझा फॉर्म वाचून तिनं कपाळावर हात मारला. ‘अगं, सगळे नाहीच लिहितात. घेणाऱ्यांनाही ते माहीत असतं. तूच एक हरिश्चंद्राची नात!’ असं म्हणून तिनं माझ्यादेखत, माझ्याच पेनानं अकराव्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

लेखी परीक्षा झाली, प्रात्यक्षिक झालं. नंतर कागदपत्रांच्या तपासणीला बोलावणं आलं. समोर पन्नाशीचे, मृदू बोलणारे एक अधिकारी होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

‘मॅडम, प्रात्यक्षिकात तुमच्याएवढे गुण कुणालाच नाहीत,’ ते म्हणाले. मग त्यांनी एक कोरा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे सरकवला. ‘चहा संपेपर्यंत हा भरून द्या. सगळं तेच. फक्त अकरा नंबर तेवढा...’

‘खोटं लिहू?’

‘अहो, खोटं-खरं कशाला! मला तुमच्यासारखं माणूस हवंय. फाईल वर गेली की या एका शब्दापायी अडकेल. काळ बदललाय मॅडम. आमच्या घरातही तरुण मुलं आहेत, आम्हाला काय कळत नाही का? आता हे कुणी मनावर घेत नाही.’

‘मग हा रकाना काढून टाका ना सर.’

‘ते माझ्या हातात नाही.’

‘उद्या मी इथं कामाला लागले, तुमच्या यंत्रणेत मला काही वावगं सापडलं आणि कुणी म्हणालं की हे तेवढं लिहू नका, तर मी काय करायचं?’

ते हसले. ‘तेव्हाचं तेव्हा बघू.’

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माणूस भला होता, माझं भलंच करत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. ज्यानं खरं लिहिलं त्याला अडवायचं, सफाईनं खोटं लिहिलं त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि याला सुरक्षा म्हणायचं! मी कोरा फॉर्म घेतला. चहा संपेपर्यंत सगळे रकाने नीट भरले. अकराव्यात ‘होय’ लिहिलं, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात, आणि खाली सही ठोकली. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेताय.’

‘हो सर, मला दिसतंय ते,’ मी म्हणाले.

बाहेर आल्यावर मात्र रिक्षात मी चक्क रडले.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. गांजाचं त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

‘गांजा? तू?’ ते म्हणाले. मग, ‘आन् ते लिवून दिलंस? दोनदा?’ पहिल्यापेक्षा हे दुसरंच त्यांना जास्त लागलं होतं. ‘एवढी शिकलीस, पन येवहार न्हाई कळला तुला.’

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर जेवायला बसले की टीव्हीचा आवाज वाढवायचे. मीही बोलले नाही. आमच्या घरात माघार घ्यायची कुणालाच सवय नाही.

महिन्यानं निवड झालेल्यांची यादी लागली. तिच्यात मैत्रिणीचं नाव होतं, माझं नव्हतं. तिनं मला पेढ्यांचा फोटो पाठवला आणि खाली ‘सॉरी गं’ लिहिलं. मी तिचं अभिनंदन केलं. ती कामात चांगली आहे, तेही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी हाक मारली. खाली पार्किंगमध्ये ते रोज प्लास्टिकच्या खुर्चीवर ऊन खात बसतात. मला वाटलं, आता तरी म्हणतील की पोरी, तुझं बरोबर होतं. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

‘आमच्या गेटवर एकदा तिघं घावली. कंत्राटी मानसं. तिघांच्या डब्यांची एकच पिशवी, तिच्यात गांजाची पुडी. कुनाची ते कळंना. मी तिघांना वळीनं उभं केलं आन् इचारलं, कोन वढतं? दोघं म्हनले, आमी न्हाई. तिसरा बीडकडचा व्हता. त्यो म्हनला, मी वढतो सायेब. भट्टीम्होरं उभं राहून पाठ धरती, घरी गेल्यावर वढतो. कामावर न्हाई.’

‘मग?’

‘मग काय! दोघांना आत सोडलं. त्याला पोलिसात दिलं. मॅनेजरनं पाठ थोपटली माझी, गडी लई शिस्तीचा हाय म्हनून.’

आबा हातातल्या काठीनं फरशीवर रेघा ओढत होते.

‘तिघांच्या तोंडाचा वास घेतला व्हता मी,’ ते म्हणाले. ‘त्याच्या तोंडाला न्हवता. त्या दोघातल्या एकाच्या व्हता. पन त्यो न्हाई म्हनला व्हता ना, आन् ह्यो व्हय म्हनला. मला सोपं गेलं.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुझ्या सायेबानं तुला कोरा कागद तरी दिला. मी त्याला पुन्यांदा इचारलंसुदिक न्हाई.’

मला आबांचा भयंकर राग आला. ज्या माणसाच्या शिस्तीचे गोडवे ऐकत मी मोठी झाले, त्यानं हे केलं होतं. आणि माझी मलाच लाज वाटली. महिनाभर मी स्वतःला फार शूर समजत होते. मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, ‘मॅडम’ म्हणवून घ्यायला मिळालं, वरून दुसरी संधीही मिळाली. नोकरी हुकली ती हुकली, पण माझी हातातली नोकरी जागेवर होती. रिक्षात रडायची मला चैन होती. तो माणूस पोलीस चौकीत कुणापुढे रडला असेल?

अकराव्या रकान्यातलं ‘होय’ मी आजही खोडणार नाही. पुन्हा कुणी विचारलं, तर पुन्हा लिहीन. पण कुणी मला ‘काय हिंमत गं तुझी’ म्हणालं की मी त्याला तिथेच गप्प करते आणि त्या बीडच्या माणसाचं सांगते. सांगताना त्याचं नाव घेता यावं म्हणून मी आबांना ते विचारलं होतं. त्यांनी खूप वेळ डोकं खाजवलं, पण त्यांना आठवेना. त्या दोघांची नावं मात्र त्यांनी घडाघडा सांगितली. ते पुढे पंधरा वर्षं रोज आबांना सलाम ठोकून आत जात होते.