ताईच्या गोष्टीतली धाकटी

ताईने मला तिच्या गोष्टीतून काढून टाकलं होतं.

हे मला ती गेल्यावर कळलं. त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मुरुडला शाळेत शिकवता शिकवता ती कित्येक वर्षं एकच गोष्ट लिहीत होती. एक दिवस ओहोटी लागते आणि समुद्र परत येतच नाही. मग रेवा नावाची मुलगी कोरड्या तळावरून चालत त्याला शोधायला निघते.

चार ड्राफ्ट. एकही पूर्ण नाही.

याचं पुस्तक करायचं मी ठरवलं, तेव्हा घरचे म्हणाले, कशाला डोक्याला ताप? मी म्हटलं, ताप तर ताप.

ऑफिस सांभाळून सगळं टाइप केलं. तिचं अक्षर म्हणजे वाळूवरून खेकडा चालून गेलेला.

पहिल्या ड्राफ्टमध्ये रेवाबरोबर तिची धाकटी बहीण आहे. पाय दुखतात, तहान लागली, अशी सारखी कुरकुरते. म्हणजे मीच.

पुढच्या तिन्हींत रेवा एकटीच चालते.

मला इतका राग आला की कितीतरी दिवस फाइल उघडली नाही.

प्रकाशक फोनवर म्हणाले, "मॅडम, दोघी बहिणीच ठेवा, वाचकांना आवडतील. आणि शेवट तुम्हीच लिहून टाका. समुद्र येतो, मुलगी सुखरूप घरी. कुणाला कळणारे?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू.

शेवटचा ड्राफ्ट पुन्हा वाचायला घेतला. टाइप करताना रागात एक वाक्य नुसतंच बडवून पुढे गेले होते.

'धाकटी काठावर उभी राहिली, म्हणून रेवा निर्धास्त निघाली.'

लहानपणी आम्ही ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जायचो. ताई वाकून चिखल उकरायची, पाठ समुद्राकडे. मीही उतरायला लागले की आई ओरडायची, "तू नको उतरू. तुझी नजर पान्यावर पायजे."

भरती लागली की मी बोंब ठोकायची, "ताय, पानी फिरलं!"

ताई पाटी उचलून यायची. दर वेळी यायची.

म्हणजे मला काढलं नव्हतं. कामावर ठेवलं होतं.

तेव्हा रेवा एकटीच जाईल. ते ठरलं.

राहिला शेवट. लांबवर समुद्र परत फिरतो, रेवा खाली वाकून शिंपला उचलतेय, आणि तिथे ताईचं लिखाण थांबतं.

प्रकाशक म्हणाले, "ती परत आली की नाही, एवढं तरी लिहा."

मी म्हटलं, "ताईने लिहिलेलं नाही. मी लिहिणार नाही."

हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी उभी राहून मी हाका मारत होते. तेव्हा ती आली नाही. आता रेवाला घरी आणलं तर ते खोटं होईल, आणि तिला बुडवायला माझा हात धजत नाही.

तिचं शेवटचं वाक्य, आणि खाली कोरी जागा. ती जागा मी भांडून मिळवलीय.

सोमवारी पुस्तक प्रेसला जातंय. कव्हरवर फक्त तुझं नाव आहे, ताई. आतलं अक्षर न् अक्षर तुझं.

आता हाका मारत नाही.

सावकाश जा.