देवाशी बोलायची मराठी

आमच्या घरात देवाशी बोलायची मराठी वेगळी होती. एरवी बाबा लाखांदूरकडच्या कोणत्याही शेतकऱ्यासारखेच बोलत. बांधावरून कोणी जाताना दिसलं की "कोठी चालला गा?" ही त्यांची हाक ठरलेली. बाप, भाऊ, शेजारी, ज्याला आपलं मानलं त्या प्रत्येक पुरुषाला आमच्याकडे हा 'गा' लागतो. पण रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले की बाबांचा 'गा' गायब, 'मले-तुले' गायब. "हे दयाळू पित्या, आम्हांस साहाय्य कर," असं ते इतकं शुद्ध बोलत की लहानपणी मला वाटायचं, देव पुण्याला राहतो.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. चर्च लांब, म्हणून प्रार्थना घरीच व्हायची. आई, बाबा आणि मी. बाबांची ती मराठी मी तोंडपाठ केली होती आणि पाहुण्यांसमोर ती म्हणून दाखवायची मला भारी हौस होती.

भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. एसटीत बसवताना बाबा एवढंच म्हणाले, "शीक. पण शिकता शिकता देवाले नोको सोडू." मला हसू आलं. देव काय छत्री आहे, एसटीत विसरून यायला?

कॉलेजात मला धर्माबद्दल खूप विचारतील असं वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण तिथे विचारत ते हजेरीचं आणि प्रॅक्टिकलच्या वहीचं. वर्गात कोण कोणत्या देवाचं, याच्याशी कोणाला घेणंदेणं नव्हतं. माझी सगळी तयारी वाया गेली.

खरा प्रश्न आला तो खोलीवर. माझ्यासोबत राहणारी मुलगी मासे धरणाऱ्या घरची होती. तिचे आईवडील गावच्या तलावात जाळं टाकत. एकदा जेवणाआधी मी डोळे मिटून, जरा मोठ्यानेच, प्रार्थना केली. डोळे उघडले तर ती घास हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"काय वो, तुह्या देवाले मले-तुले समजत नाही का?"

"समजते ना."

"मंग त्याच्यासंग टीव्हीवरच्या बातम्यावानी काहून बोलून रायली होती?"

मी म्हटलं, गुपचूप भात खा. पण तो प्रश्न काही पोटात जाईना. त्याच सुमारास वनस्पतिशास्त्राच्या सरांनी चाचणीचे पेपर परत दिले. माझ्या पेपरवर लाल शाईत लिहिलं होतं, "हे गाइडचं झालं. तुला काय समजलं ते तुझ्या शब्दांत लिही." मार्क निम्मेच. बाकीची मुलं सरांच्या नावाने खडे फोडत होती. मला मात्र भलतीकडेच लागलं.

त्या दिवशी प्रार्थनेला बसले. 'हे दयाळू पित्या' सवयीने ओठांवर आलं आणि मी थांबले. हेही गाइडच की! बाबांचं गाइड. ते बाजूला ठेवलं तर माझ्याकडे देवाला सांगायला काय उरतं? मला मोठी उत्सुकता वाटली. करून तर बघू, म्हणून मी "मले..." अशी सुरुवात केली, आणि पुढे काही सुचेना. आधी हसू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. मग हसू गेलं. बोली सापडत नव्हती की देवच, ते कळेना, आणि मी घाबरले.

रविवारी घरी गेले तर बाबा म्हणाले, "आज तू कर प्रार्थना." मी तोंड उघडलं. जुने शब्द म्हणवेनात, नवे येईनात. शेवटी बाबांनीच प्रार्थना पुरी केली. नंतर अंगणात मी विचारलं, "बाबा, देवासंग आपण आपल्या बोलीत काहून नाही बोलत?"

"तहसीलदारासमोर जाऊन मी 'मले पायजे' म्हणतो का?"

"पण तुमी त्याले बाप म्हणता ना? मी तुमाले कधी अर्ज केला का?"

बाबांनी खाली पडलेलं खुरपं उचलून ठेवलं. मग म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवून रायले का?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. त्यांना भीती वाटत होती, पोरगी हातची चालली म्हणून. देव सुटू नये म्हणूनच तर मी विचारत होते, पण ते मला त्यांना सांगता येईना आणि रडू आलं.

पुढे खोलीवरच्या त्या मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन निघालं, भंडाऱ्यालाच. आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. गावच्या देवीला तिचा नवस बोलून झाला होता. तरी ती सारखी उठून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन येत होती.

"तू बी सांग तुह्या देवाले," ती म्हणाली. "पण मले समजन असं सांग."

मी तिचा हात धरला. "बापा, हिच्या मायले बरं कर. हिले लय भेव लागून रायलं." एवढं बोलून थांबले. आणि मग न ठरवता निघालं, "मले बी लागून रायलं."

इतक्या वर्षांत मला भीती वाटते हे मी देवाला कधी सांगितलंच नव्हतं. बाबांच्या मराठीत सगळीकडे 'आम्ही' असायचो. त्यात मी एकटी कुठे बसणार? बाकावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी ऐकतंय.

ऑपरेशन नीट झालं. मी तिला चिडवलं, "कोण्या देवानं ऐकलं वो?" ती म्हणाली, "ते त्याईचं त्याईले पाहू दे. तू चहा आण."

त्या रविवारी मी घरी गेले. या वेळी बाबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं नाही. मीच म्हटलं, "आज मी." डोळे मिटले. शेतातल्या बांधीतल्या धानाचं सांगितलं, आईच्या गुडघ्याचं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं. सगळं मले-तुलेमध्ये. शेवटी म्हटलं, "बाबाले वाटते मी तुले सोडून रायली. त्याईले सांग, नाही सोडलं म्हणून."

प्रार्थनेचा शेवट नेहमी बाबा करत. त्यांनी घसा खाकरला. "हे दयाळू पित्या, आम्हांस..." म्हणाले आणि अडकले.  मग बांधावरून हाक मारावी तसं, पण अगदी हळू म्हणाले, "आमाले सांभाळ गा."

आमेन म्हणायचं आई आणि मी, दोघीही विसरलो.