काजळीनं खाणं सोडलं तेव्हा

गुलाबराव मेश्राम सव्वीस वर्षं सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की त्यांना बोलायचाही कंटाळा येई. त्यात मुलगी मोनाली नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि काचेच्या पेटीतला आपला टॅरँट्युला त्यांच्या गळ्यात घालून गेली. तळहाताएवढी, काळी, केसाळ कोळ्याची मादी. मोनाली तिला काजळी म्हणायची.

आठवड्याला एक रातकिडा द्यायचा, वाटीतलं पाणी बदलायचं. किडा दिसला की काजळी झडप घालायची. दिवाळीनंतर मात्र तिनं खाणं सोडलं. किडा अंगावर आला तरी पाय आखडून घ्यायची. पोट आणखीच काळवंडलं. जाळं विणून ती दिवसभर कोपऱ्यात पडून राहू लागली.

“पप्पा, कात छोड़नेवाली है,” मोनाली फोनवर म्हणाली. “अभी कीड़ा मत डालना. वो नरम रहेगी, कीड़ा ही उसको काट लेगा.”

दोन महिने झाले. उपाशी जीव पाहवेना म्हणून एका संध्याकाळी ड्यूटीवर निघताना गुलाबरावांनी किडा टाकलाच.

सकाळी परतले तर काजळी उताणी पडलेली, पाय वर.

“मेली ते,” बायको शांता म्हणाली. “पुरून टाका अन् झोपा आता.”

खुरपं घ्यायला ते वळले आणि काजळीचा एक पाय हलल्यासारखा वाटला. रातकिडा तिच्या पोटाशीच होता.

“शांता, चिमटा आण. मेली नाही, कात टाकून राहिली.”

जागरणानं डोळ्यांवर झापड येत होती. दोनदा किडा निसटला. काजळीला धक्का लागेल म्हणून त्यांनी श्वास रोखला आणि तिसऱ्यांदा किडा उचलला.

मग झोपायचं राहूनच गेलं. दोघं पेटीसमोर बसून राहिली. कात फाटली. काजळी एकेक पाय ओढून काढत होती, मधे मधे थांबत होती. दुपारपर्यंत ती बाहेर आली, ओली आणि फिकट.

“बाळंतपणच आहे हे,” शांता हळूच म्हणाली.

गुलाबरावांनी सुपरवायझरला फोन लावला. “आज येत नाही.”

“काहून? तबियत बिघडली का?”

“नाही. थकलो.”

सव्वीस वर्षांत हे त्यांनी कारखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, “ठीक आहे, आराम करा.” त्या दिवशी ते जे झोपले, ते दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर उठले.

कात टाकल्यावर काजळीचे नवे दात कडक व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून बारा दिवस पेटीत फक्त पाणी ठेवलं. तेराव्या दिवशी किडा सोडला. काजळी बराच वेळ हलली नाही. शेवटी तिनं तो धरला.

शांतानं रिकामी कात मोनालीसाठी डब्यात कापसावर ठेवली. गुलाबराव बूट घालून सिलतऱ्याच्या बसकडे निघाले.