तिसऱ्या बाकावरची मुलगी

बाईंनी वर्गात घेतलेला धडा शिक्षण परिषदेत पडद्यावर दाखवणार, असं पत्र आलं आणि शाळेने त्यांना डोक्यावर घेतलं. धड्याचं चित्रीकरण मुख्याध्यापकांनीच केलं होतं, त्यामुळे अर्धा मान ते स्वतःकडे ओढून घेत होते. बाईंनी तो धडा वीस वेळा तरी पाहिला होता. अर्थात, स्वतःलाच पाहिलं होतं.

बाई कामाला वाघ, पण स्वभाव भारी घाईचा. घरी नवऱ्याने ‘मीठ जरा’ म्हणायचा अवकाश, मिठाची बरणी त्याच्या पुढ्यात. मीठ जास्त झालंय हे सांगायचं त्या गरिबाचं राहूनच जायचं.

परिषदेला निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी एका कागदावर सही केली होती. तिसऱ्या बाकावरची मुलगी वर्षभरात वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. हिला नीट ऐकू येत नसावं, हिला विशेष शाळेत पाठवावं, असं बाईंनी लिहून दिलं. परिषदेच्याच दिवशी चार वाजता मुख्याध्यापक तिच्या आईला बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात देणार होते. मुलीचं भलं व्हावं एवढंच बाईंच्या मनात होतं, यात खोट नाही.

परक्या शहरात दोनदा रस्ता चुकून बाई सभागृहात पोहोचल्या आणि पाचव्या रांगेत बसल्या. दुपारी त्यांचा धडा लागला. खडू नाचत होता, प्रश्नामागून प्रश्न सुटत होते, उत्तरं धडाधड येत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान खाली घालून हसू लपवलं.

मग व्याख्यान देणाऱ्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, “आता आवाज बंद करते. शिक्षिकेकडे बघू नका. तिसऱ्या बाकावरची मुलगी बघा.”

मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं, बोट अर्धवट वर नेलं आणि खाली घेतलं. पंधरा मिनिटांत अकरा वेळा. तज्ज्ञ बाईंनी घड्याळ लावून मोजलं होतं: प्रश्न विचारल्यापासून एका सेकंदाच्या आत शिक्षिका स्वतःच उत्तर देऊन मोकळी होत होती. वर्गातली जवळजवळ सगळी उत्तरं तिचीच होती. “शिक्षिका मेहनती आहेत,” त्या समजुतीने म्हणाल्या, “थांबत मात्र नाहीत.”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. लाज वाटायलाही सवड नव्हती, कारण घड्याळात पावणेचार वाजले होते. लोकांच्या गुडघ्यांना धडकत त्या बाहेर आल्या. व्हरांड्यात घाईघाईने फोन लावताना तो दोनदा भलतीकडेच लागला.

मुख्याध्यापकांनी आधी अभिनंदनाचं भाषणच सुरू केलं. मायलेकी समोरच बसल्या आहेत, दाखला तयार आहे, असंही सांगितलं.

“सर, दाखला देऊ नका. मी चुकले. फोन त्या मुलीला द्या,” बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक चाट पडले, पण त्यांनी फोन दिला. बाईंनी धड्यातलाच प्रश्न विचारला, “बाळा, पाण्याची वाफ होते, ती जाते कुठे?”

आणि त्या थांबल्या. उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं. बाईंनी ओठ दाताखाली धरले आणि मनातल्या मनात आकडे मोजायला घेतले. पाच झाले. आठ झाले. व्हरांड्यातून माणसं चहाला चालली होती. आपणच बरोबर होतो की काय, अशी शंका येऊन गेली आणि त्या शंकेचाच आसरा वाटला, याची बाईंना शिसारी आली. अकरा. बारा.

“थोडी खिडकीच्या काचेला चिकटते,” बारीक पण स्पष्ट आवाज आला. “आई भात शिजवते तेव्हा मी त्या वाफेवर बोटाने चित्र काढते. मग तिचं परत पाणी होतं.”

हे बाईंच्या पुस्तकात नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःही दिलेलं नव्हतं असं उत्तर. असे किती जण तोंड मिटून वर्गातून निघून गेले असतील, हे त्या मोजू लागल्या. शाबास म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.

पलीकडे मुलगी वाट पाहत राहिली, चांगला बराच वेळ. मग तिने काळजीने विचारलं, “बाई, तुम्हाला ऐकू येतंय ना?”