अंगठ्याने ढकलायची खोकी

फ्रिजवर मी केलेली ह्यांच्या दिवसाची यादी चिकटवलेली होती. सकाळची गोळी, मालिश, चेंडू दाबणे, गेम, जेवण, दुपारची गोळी. यातला ‘गेम’ हा शब्द वाचून भेटायला येणारे हसायचे. माझा राग तिथून सुरू झाला.

ह्यांना लकवा मारून काही महिने झाले होते. चालणं सावरलं, बोलणं सावरलं, पण उजवा हात मांडीवर पडून असायचा. नंदुरबारच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, अंगठा आत्ता हलवला नाही तर पुढे हलणार नाही. मोबाइलवरचा खेळ चालत नव्हता, काचेवर जोर लागतच नाही. दाबल्यावर खाली जाणारं बटण हवं होतं. रबरी चेंडू हे एकदा दाबायचे आणि उशीमागे सारायचे.

उपाय पुण्याहून मुलीने काढला. तिच्या लहानपणी मामाने सुरतहून आणलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम माळ्यावर पडला होता. हिरवट पडदा, जाड बटणं. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा हे जेवणाच्या सुट्टीत त्यावर एक कोडं खेळायचे. गोदामातल्या हमालाने खोकी ढकलत खुणेच्या जागी न्यायची. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. कोपऱ्यात गेलं ते खोकं अडकलं. हा खेळ माळ्यावरच्या यंत्रासाठी कधी निघालाच नव्हता. नोकरी सांभाळून मुलीने तो त्यावर चालेल असा नव्याने लिहिला. मेमरी पुरेना म्हणून संगीत काढलं, घाई नको म्हणून वेळेची मर्यादा काढली, आणि प्रत्येक खोकं ढकलताना उजव्या अंगठ्याने बटण दाबावंच लागेल अशी सोय केली.

चेंडूला कंटाळणारा माणूस खोक्यांना कंटाळला नाही. अंगठा वळायला लागला. एखादं गोदाम सुटलं की हे मला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवायचे.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला सगळं गणगोत येतं. फोन न करता येतं, केळी आणि बिस्किटं आणतं, चहा पितं आणि आजाऱ्यापेक्षा जास्त सुस्कारे सोडतं. एके दिवशी म्हसावदहून माझे जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ आले. मुलं त्यांना आबा म्हणतात म्हणून आम्हीही आबाच म्हणतो. त्यांनी ह्यांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“तू आते धाकला पोऱ्या शे का? गाव हासी ऱ्हायनं.”

आणि त्यांनी ते पिशवीत घातलं. केळ्यांच्या रिकाम्या झालेल्या पिशवीत. मी दारात डोक्यावर पदर घेऊन उभी होते. आमच्या घरात जेठांशी थेट बोलत नाहीत. सांगायचं ते नवऱ्यामार्फत, नाहीतर जेठाणीमार्फत, म्हणजे मोठ्या जावेमार्फत. नवरा मोठ्या भावापुढे गप्प, जेठाणी म्हसावदला. असल्या रीती कोणी घातल्या असतील ते असोत, त्यांच्या घरात लकव्याचा माणूस नसणार.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा हात गोधडीखाली गेला. मी जेठाणीला फोन केला. निरोप आत गेला, उत्तर बाहेर आलं: आबा म्हणतात, बरा झाला की देऊ. बरं होण्यासाठीच ते हवं आहे, एवढं समजायला किती शाळा लागते? पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. आठवडा गेल्यावर मी स्कूटी काढली आणि म्हसावद गाठलं.

आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. मी पदर घेतला, पण आत गेले नाही.

“आबा, ते यंत्र द्या. त्यास्ना अंगठानं काम बंद पडेल शे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. जेठाणीला मान हलवून खूण केली. तिने कपाटातून यंत्र आणलं. मी मागची झाकणी उघडली, आत सेल नव्हते. एक खणात सापडला. दुसरा भिंतीवरच्या घड्याळात चालू होता. मी स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, सेल काढला. घड्याळ बंद पडलं.

तेव्हा आबा जेठाणीला म्हणाले, “हिले सांग, नवा सेल दुकानमा भेटतस.”

“मंग तुम्हीच लई या, आबा,” मी म्हणाले, आणि ते आणणं त्यांच्यावर सोडून निघाले.

घरी मला शाबासकी मिळेल अशी अपेक्षा नव्हतीच. सगळं ऐकून हे म्हणाले, “आबाले असं बोलाले नको व्हतं.” एवढी चीड मला आबांचीही आली नव्हती. मी यंत्र त्यांच्या हातात कोंबलं. “पहिले दाबा, मंग भांडा.”

त्यांनी दाबलं. बटण खाली जाईना. आठवड्यापूर्वी हाच अंगठा खोक्यांची अख्खी रांग लावत होता. ह्यांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात दार वाजलं, बाहेर बिस्किटांच्या पिशवीची सळसळ. ह्यांचा हात लगेच गोधडीकडे सरकला.

मी गोधडी ओढून बाजूला टाकली आणि दाराला कडी घातली.

“गेम चालू शे,” मी आतूनच मोठ्याने सांगितलं. “सांजले या.”

बाहेर कुजबुज झाली, चपला वाजल्या. ह्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मीही तसंच पाहिलं. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला.