चांगुणामावशींना न विचारलेलं

कुठलाही प्रश्न विचारला की चांगुणामावशी आधी तो मलाच परत विचारायच्या. "गेल्या आठवड्यात तुम्हाला थकवा जाणवला का?" असं मी कागदावरून वाचायची खोटी, की त्या मान तिरकी करून म्हणायच्या, "मना जाणवला. तुला किती जाणवला ते सांग आधी." मी हसून टाळलं तर उत्तर मिळत नसे. "एकटीनंच काय बोलायचं? आमच्याकडं अशी रीत नाय गो बाय." मग मी सांगायचे, की मलाही थकवा येतो, सासूबाईंच्या गुडघ्यांचं करून निघेपर्यंतच माझा अर्धा दिवस संपलेला असतो. त्या समाधानानं मान हलवायच्या आणि मग स्वतःचं सांगायच्या. कागदावर चार पर्याय होते: अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप जास्त. त्यांतला एक त्या माझ्यासाठीही निवडायच्या. "तुझं थोडंसंच हाय. लिव."

पनवेलजवळच्या एका कॅन्सर रुग्णालयात मी संशोधनाच्या कामावर आहे. आजार खूप पुढे गेलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना काय काय त्रास होतो, त्यांचे दिवस कसे जातात, हे विचारणारी एक प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणली होती. ती आपल्या बायकांना कळते का, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं, आणि वर विचारायचं, की या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं? अवघड वाटला का? संकोच वाटला का? शब्द बदलायला हवा का? परीक्षा प्रश्नांची होती, बायकांची नाही. हे मी प्रत्येकीला सुरुवातीला सांगत असे आणि मला ते सांगताना फार बरं वाटत असे. मी समाजकार्य शिकलेली, गोड बोलणारी, रुग्णांचा हात हातात घेणारी मुलगी आहे अशी माझी ख्याती होती. ख्याती पसरवण्यात माझाही हातभार होता.

चांगुणामावशी उरणजवळच्या करंज्याच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सावळ्या, हाडापेराने मोठ्या. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि उरणच्या बाजारात बसून विकायची, हे त्यांनी तीस वर्षं केलं. कॅन्सर हाडांत गेला होता आणि छातीवर एक जखम उघडी पडली होती, ती भरणार नव्हती. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर त्यांचा नवरा यायचा. त्याला त्या 'आमचा नाखवा' म्हणायच्या. होडीचा मालक म्हणून नाखवा, पण त्यांच्या तोंडी ते नावच झालं होतं. नाखवा बाहेर बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसत. आत या म्हटलं की म्हणत, "बायकांचं हाय ते." मीही पुन्हा आग्रह केला नाही.

प्रश्न तपासण्यात मावशी पटाईत होत्या. "लांबचा फेरफटका मारताना त्रास होतो का?" या प्रश्नावर त्यांनी विचारलं, "फेरफटका म्हंजे?" मी म्हटलं, असंच फिरायला जाणं. "उगाच? काम नसताना?" त्या इतक्या हसल्या की छातीला हात लावून थांबावं लागलं. "डोक्यावर टोपली हाय का नाय ते विचार आधी. टोपली नसली तर फिरनं कसलं नि त्रास कसला!" आमच्या संशोधन-गटाच्या सभेत तो प्रश्न बदलला गेला. "घरची कामं करताना मर्यादा येतात का?" यावर त्या म्हणाल्या, "मर्यादा सुनेला येतात. मना दुखतं." तोही बदलला. संशोधनाच्या प्रमुख डॉक्टरबाई मला म्हणाल्या, या बाईंना धरून ठेव, दहा तज्ज्ञांचं काम एकटी करते.

असं करत आम्ही शेवटच्या पानावर आलो. त्या पानावर दोन प्रश्न होते. शरीरात झालेल्या बदलांमुळे नवऱ्याजवळ जाताना तुम्हाला अवघड वाटलं का, हा एक. आणि कुणीतरी जवळ घ्यावं असं तुम्हाला किती वाटलं, हा दुसरा. मी पहिला डोळ्यांनी वाचला आणि तिथंच थांबले. समोर आईच्या वयाची बाई, डोक्यावरून पदर, पदराखाली ती जखम, तिचा वास खोलीत होताच. हिला हे कसं विचारायचं? हिला काय वाटेल? असं मी मनात म्हटलं. खरं म्हणजे मला काय वाटेल याचीच मला भीती होती. मी पान उलटलं आणि म्हटलं, "झालं मावशी. दमलात ना?"

मावशींची बोटं मांडीवर होती. अंगठा पेरांवरून फिरता फिरता थांबला. मासळी मोजायची त्यांची रीत होती ती, कोडीच्या हिशेबानं. वीस झाले की एक कोडी. त्या म्हणाल्या, "दीड कोडी प्रश्न हायेत बोललीस तू सकाळी. एक कोडी नि आठच झाले."

अख्खा वेळ ही बाई पेरांवर माझे प्रश्न मोजत होती! मी म्हटलं, "दोन छापायचे राहिलेत बहुतेक." बेधडक. आणि फाइल पोटाशी धरली. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "छापून आले की सांग. मी येईन."

त्या गेल्यावर मी फॉर्म पुरा करायला बसले. प्रत्येक प्रश्नापुढे तीनच चौकोन होते: उत्तर दिलं, समजला नाही, उत्तर देण्यास नकार. 'विचारलाच नाही' असा चौकोन कुणी केला नव्हता, कारण तशी माणसं कामावर असतील असं कुणाला वाटलं नसावं. मी दोन्ही ठिकाणी 'नकार' वर खूण केली. मावशींच्या नावावर. पुढच्या तीन-चार बायकांच्या वेळीही मी तेच केलं. एकदा केलं की सवय होते.

महिन्याभरानं सभा झाली. मी उभी राहून सांगितलं, की आपल्याकडच्या वयस्कर, गावाकडच्या बायकांना हे दोन प्रश्न अपमानास्पद वाटतात, त्या उत्तर देत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला हे आधीच ठाऊक होतं म्हणे. डॉक्टरबाईंनी माझ्या निरीक्षणाचं कौतुक केलं आणि ते दोन प्रश्न 'विचारले नाहीत तरी चालतील' अशा गटात टाकले. नंतर समोसे आले. मी दोन खाल्ले. ते मला घशात अडकलेबिडकले नाहीत, अगदी व्यवस्थित गेले, आणि याचीच आज जास्त लाज वाटते.

पावसाळा संपता संपता मावशींचं येणं थांबलं. आमची घरी जाऊन रुग्ण बघणारी गाडी आठवड्यातून एकदा उरणकडे जाते. तिच्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर असतात. एका दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले. मावशींना भेटायला जाते असं मी सगळ्यांना सांगितलं. मनात काय होतं ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.

घर बंदरापासून जवळ. अंगणात बोंबील वाळत होते. नाखवा जाळं शिवत पडवीत बसले होते आणि पडवीतच एका कडेला त्यांची घडी केलेली गोधडी आणि उशी होती. मावशी आतल्या खोलीत खाटेवर होत्या. निम्म्या झाल्या होत्या. सिस्टरनी ड्रेसिंग केलं आणि त्या हात धुवायला मागे गेल्या. मावशींनी मला जवळ बोलावलं. "छापून आले काय ते?"

आता मात्र मी खोटं बोलू शकले नाही. "छापलेलेच होते मावशी. मीच विचारले नाहीत."

"मना ठाव हाय. तुजं त्वांड असं झालेलं, शिळी मासळी विकनाऱ्या बाईसारखं." त्या रागावल्या नव्हत्या. "आता विचार."

मी विचारले. कागद नव्हता, माझ्या शब्दांत, अडखळत विचारले. पहिल्यांदाच त्यांनी मला उलट विचारलं नाही. छताकडे बघत सांगत राहिल्या. "चार महिने झाले, नाखवा भायेर झोपतो. वासानं झोपतो का दुसऱ्या कशानं, मना ठाव नाय. जेवन भरवतो, न्हाऊ घालतो, समदं करतो. पन हात लावतो तो कामापुरता. मना वाटतं, नुसतं येऊन बाजूला पडावं. आता काय करायचं हाय का त्याच्याफुडं? नुसतं पडावं." मग म्हणाल्या, "मी कशी विचारू? तू विचार त्याला. तुझं कामच हाय ना विचारायचं."

दार उघडं होतं. नाखवा दहा पावलांवर होते. मला त्यांची पाठ आणि वर-खाली होणारा हात दिसत होता. मी उठले, दारापर्यंत गेले. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "चा ठेवू का बाय?" मी म्हटलं, "नको, उशीर होतोय." मागे वळून मावशींना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की विचारते." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तो होकार होता की माझी पारख झाली होती, कुणास ठाऊक.

पुढच्या आठवड्यात गाडी करंज्याला गेली नाही. आदल्या दिवशी मावशी गेल्या.

पंधरा दिवसांनी नाखवा रुग्णालयात आले. दुखण्यावरच्या ज्या कडक गोळ्या आम्ही घरी देतो, त्यांतल्या उरलेल्या परत करायच्या असतात. नेमकी त्या परत घेणाऱ्या खिडकीवरची बाई जेवायला गेली होती, म्हणून ते माझ्या टेबलाशी आले. डोकं भादरलेलं, इस्त्रीचा शर्ट. पिशवी पुढे ठेवून ते तसेच उभे राहिले. मी बसा म्हटलं. ते पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"तुमच्याशी बोलायची ती," ते म्हणाले. "माझ्यावर राग होता का तिचा?"

मी म्हटलं, "राग नव्हता. तुम्ही बाहेर झोपायचात ना, त्याचं वाईट वाटायचं. येऊन नुसतं बाजूला पडावं, म्हणायच्या."

त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "मी तिला धक्का लागंल म्हनून भायेर झोपायचो," ते म्हणाले. "जखमंला धक्का लागंल. रोज वाटायचं आत जावं. डॉक्टरला विचारावं, चालंल का? पन असलं कसं विचारायचं?" त्यांनी पुढ्यातल्या पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाले, "ती तुमाला कधी बोलली हे?"

"मी घरी आले होते त्या दुपारी."

"मी भायेरच व्हतो की तवा. मंग सांगितलं का नाय?"

माझ्याकडे बरीच उत्तरं होती. गाडीला उशीर होत होता, सिस्टर हाक मारत होत्या, हे आमच्या कामात बसत नाही. चांगुणामावशी समोर असत्या तर त्यांनी एकही चालू दिलं नसतं.

"मला लाज वाटली," मी म्हणाले.

नाखवांनी पिशवीतल्या गोळ्या काढून टेबलावर एकेक मांडल्या.

"आमालापन तीच वाटत व्हती," ते म्हणाले.