ड्रमवरचा लाल ठिपका

रनाळ्याला भाचीच्या साखरपुड्यात पंगत उठत होती आणि फोन आला. बापू गेला. लोणखेड्याला स्वतःच्या पपईच्या मळ्यात ठिबकची नळी जोडत असताना छातीत कळ आली आणि... दवाखान्यात न्यायचीसुद्धा कुणाला सवड दिली नाही या गृहस्थाने. मी तसाच गाडीत बसलो. नंदुरबार मागे पडलं, प्रकाशाचा पूल ओलांडला, आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं की मागच्या चाकातून घर्रघर्र आवाज येतोय. खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो हाच, की पोचलो की बापूला ऐकवू. मग कळलं आपण कुठे चाललोय ते. गाडी कडेला घेतली, पाणी प्यायलो, पुन्हा निघालो. आवाज चालूच.

तो आवाज मी पुढे महिनाभर तसाच वागवला. का, ते सांगायलाच लिहायला बसलोय. बसलोय कसला, चार ओळी लिहितो आणि उठून अंगणात फेरी मारून येतो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. लागलीच आहे.

बापू हा माझा शाळेपासूनचा मित्र. मी पुढे शहाद्याला गणिताचा मास्तर झालो, तो शेतीत राहिला. त्याच्याकडे एक जुनी जीप होती आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. एकदा अक्कलकुव्याकडच्या रस्त्यावर एका गॅरेजमध्ये त्याने ब्रेकचे लायनर, म्हणजे चाक धरून थांबवणाऱ्या पट्ट्या, बदलून घेतले आणि वहिनी अन् मुलीला घेऊन मोलगीला आमचूर आणायला गेला. घाट उतरताना ब्रेक लागेना. कशीबशी जीप डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. चाक उघडून पाहिलं तर लायनर जुनेच, नुसते पुसून परत बसवलेले! वहिनी सांगायच्या, त्या दिवशी हे रस्त्यात बसून लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून बापूची ती सुप्रसिद्ध पद्धत सुरू झाली. वहिनींनी कुठल्याशा लग्नासाठी लाल नेलपॉलिशची बाटली घेतली होती. ती बापूने ढापली. गाडी गॅरेजला द्यायच्या आधी जो पार्ट बदलायचा त्याच्यावर बारीक लाल ठिपका लावायचा. गाडी परत घेताना ठिपका दिसला, तर पार्ट जुनाच. शिवाय काढलेला पार्ट थैलीत घालून परत मागायचा, आपल्याला न विचारता एक स्क्रूही फिरवायचा नाही असं आधीच बजावायचं, आणि मिस्तरीला शेजारी बसवून चक्कर मारल्याशिवाय गाडी ताब्यात घ्यायची नाही. पंचक्रोशीतले लोक गॅरेजला जायच्या आधी बापूच्या ओट्यावर जायला लागले. वहिनी हसत म्हणायच्या, “मन्हा नखं कोरा राह्यनात अन् शहादानी निम्मी गाड्या रंगी गयात.”

मी मास्तर. कुणाकडून शिकायचं म्हणजे कमीपणा, त्यातून बापूकडून! मी आपली गुपचूप एक बाटली आणली. दोन वर्षं झाली त्याला. माझ्या गाडीचे मागचे लायनर गेले होते. गाडी दिलवरकडे द्यायची ठरली. दिलवर हा अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, शहाद्यात स्वतःचं गॅरेज टाकलेला तिशीतला मिस्तरी. बापूनेच त्याला हेरलं होतं, आणि त्याचं गॅरेज तेव्हा नुकतंच बाळसं धरू लागलं होतं. मी आदल्या दिवशी चाकाच्या जाळीतून ब्रश आत घालून ऐटीत ठिपका लावला आणि संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा वाकून पाहिलं. ठिपका जागच्या जागी!

माझं डोकंच फिरलं. समोर चहाची टपरी, तिथे दहाबारा माणसं, त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. त्यांच्यादेखत मी त्याला चोर म्हणालो. एकदा नाही, तीनदा. तो बिचारा हातात थैली घेऊन उभा, “काका, जुनं सामान थैलीमा शे, देखी तर ल्या.” मी म्हणालो, ते कुणाच्या गाडीचं असेल ते मला काय ठाऊक! आणि आणखी एक वाक्य बोललो, ते त्याच्या डोंगरातल्या माणसांबद्दल होतं. ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

तिथून तडक बापूकडे गेलो, शाबासकी घ्यायला. त्याने चाकाशी बसून पाहिलं. मग म्हणाला, “मास्तर, ठिपका कोठे लायेल शे तू? हाई ते ड्रम शे. लायनर मझार ऱ्हास ना भो!”

ड्रम म्हणजे बाहेरची लोखंडी वाटी, लायनर तिच्या आत. ड्रम कुणी बदलत नाही. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. आयुष्यभर लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुकांना गोल केलेला मी मास्तर... बापूने चाक उघडून आतले कोरे करकरीत लायनर दाखवले आणि म्हणाला, चार लोकांत बोललास, चार लोकांत मागे घे. मी म्हणालो, बघू.

‘बघू’ला दोन वर्षं लागली. दिलवरची गिऱ्हाइकं मात्र लगेच तुटली. मास्तर म्हणाले म्हणजे खरंच असणार! महिना-दोन महिने त्याच्या दारात एक गाडी दिसेना. मग बापूने काय करावं? रोज सकाळी आपली धडधाकट जीप नेऊन त्याच्या दारात लावायची आणि आत खुर्ची टाकून दुपारपर्यंत पेपर वाचत बसायचं. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं पाहिजे की बापू इथे बसतो. पेरणीचे दिवस सोडले तर त्यात खंड नाही. हळूहळू लोक परतले. माझी चूक तो असा बसून बसून निस्तरत होता आणि मी त्या रस्त्यानेच जायचं टाळत होतो.

बापूने अबोला धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. भेटला की पहिला प्रश्न, “गयथा का?” म्हणजे दिलवरकडे गेला होतास का. बाजारात, लग्नात, एकदा तर माझ्या आजारपणात दवाखान्यात उशाशी बसून, “गयथा का?” शेवटी भेटला तो मंगळवारच्या बाजारात, हातात मेथीची जुडी. तेच. मी खेकसलो, “जातो रे बाबा, काय माझ्या डोक्यावर बसलास!” तो हसला आणि मेथी घेऊन निघून गेला. आठव्या दिवशी रनाळ्याला फोन आला.

तिरडीला पुढचा खांदा दिलवरचा होता. मी मागे मागे राहिलो.

दिवस झाले, आणि मी वहिनींना म्हटलं, बापूची आठवण म्हणून ती बाटली मला द्याल का? म्हणाल्या, “ती आठे नई शे भाऊ. दिलवरकडेच ठी दिन्ही त्यासनी.” माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या रात्री मला झोप नाही, दुसऱ्या दिवशी जेवण नाही. दुसऱ्या गॅरेजला गाडी न्यायला मन घेईना आणि दिलवरकडे पाय वळेना. चाकातला आवाज तर आता घरात बसूनही ऐकू यायला लागला.

गेल्या सोमवारी गेलो. मुद्दाम टपरी भरलेली असताना. गाडी लावली आणि उतरताच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा पाय मागे फिरले असते. मोठ्याने, वर्गात बोलतो तसं. “दिलवर, दोन वर्षांपूर्वी मी तुला इथे चोर म्हणालो. तू काम चोख केलं होतंस. मला ड्रम आणि लायनर यातला फरक कळत नव्हता. आणि तुझ्या माणसांबद्दल जे बोललो, त्याची मला लाज वाटते.” मला वाटलं, आता हा काहीतरी सुनावणार. सुनावलं असतं तर मोकळा झालो असतो. त्याने नुसतं विचारलं, “कोणतं चाक आवाज करी ऱ्हायनं?”

चाक उघडलं. लायनर घासून लोखंडाला लागले होते. त्याने नवे लायनर आणले आणि फळीवरून बाटली काढून माझ्यासमोर धरली. मी मागे सरलो. म्हणालो, नको रे, आता कसला ठिपका! तुझ्यावर विश्वास आहे माझा.

तो हटून बसला. “लावा काका. बापू सांगी गयात, दोन्हीसना समोर लावाना. ठिपका तुम्हनाकरता नई शे, मन्हाकरता शे. परत कोनी मन्हावर बोट ठेवाले नको.”

हे बापूने मला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलंच नाही? कोपऱ्यात त्याची खुर्ची तशीच, वर पेपर. मी ब्रश हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी विचारलं, कुठे लावू? दिलवरने माझं मनगट धरलं, जुन्या लायनरच्या कडेला नेलं आणि म्हणाला, “आठे.”

गयथा, बापू. या वेळी ठिपका बरोबर जागी आहे.